तुलांबेनची 'लिबर्टी'

इंडोनेशियातील बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, आगुंग या जागृत ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेल्या तुलांबेन या गावासमोर 'लिबर्टी' नावाचे अमेरिकन मालवाहू जहाज समुद्रतळावर कलंडून पडलेले आहे. जहाजाची लांबी सुमारे १२५ मीटर असून त्याचा सर्वांत वरचा भाग पाण्याखाली जेमतेम पाच मीटरांवर, तर सर्वांत खालचा भाग तीस मीटरांच्या आसपास आहे. त्यामुळे पाठीवर दाबाखालील हवेची टाकी बांधून खाली उतरणारा स्कूबा पाणबुड्या आणि तोंडात श्वासनळी धरून पृष्ठभागावर पालथा तरंगणारा स्नॉर्केलर या दोघांनाही ते एकाच वेळी पाहता येते. बुडालेल्या जहाजांपैकी बहुसंख्य जहाजे माणसाच्या आवाक्याबाहेर असतात, आणि जी आवाक्यात असतात त्यांच्यापर्यंत सहसा होडीने जावे लागते. येथे मात्र प्रवासी किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरतो आणि थोडे अंतर पोहून जहाजावर पोहोचतो. 'लिबर्टी'चे खरे महत्त्व तिच्या या उथळपणात आहे, आणि तो कोणी योजून आणलेला नाही.

दक्षिण बालीतील सानूरहून निघणारा रस्ता कुसांबाच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्याने जातो, जेथे समुद्राचे पाणी वाळूवर शिंपडून मीठ पिकवण्याची जुनी पद्धत अजून टिकून आहे; पुढे तो अमलापुरा या करंगासेम जिल्ह्याच्या मुख्य गावातून आत वळतो आणि तीर्थगंगा येथील राजाच्या जलोद्यानाजवळ हिरव्यागार भातखाचरांमधून चढत जातो. खिंड ओलांडून चुलिकच्या बाजूला उतरताच प्रदेश पालटतो. आगुंगच्या पर्जन्यछायेतील ही बाजू कोरडी असल्याने भातशेती संपून खुरटी झुडपे व ताडाची झाडे दिसू लागतात, आणि डाव्या हाताला तीन हजार मीटरांहून उंच असलेला पर्वत प्रवाशाची सोबत सोडत नाही. जहाजाच्या कथेत या पर्वताचा वाटा टॉर्पेडोइतकाच मोठा आहे.

नावावरून हे जहाज दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मोठ्या संख्येने बांधलेल्या 'लिबर्टी' वर्गातील असल्याचा समज होतो. तो चुकीचा आहे. ते १९१८ मध्ये न्यू जर्सीतील कर्नी येथे बांधले गेले आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्याने फ्रान्सला घोडे वाहून नेले. ११ जानेवारी १९४२ रोजी, अमेरिकन सैन्याच्या सेवेत रबर व रेल्वेचे सुटे भाग घेऊन जात असताना, लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडी आय-१६६ हिने त्याला टॉर्पेडो मारला. एक अमेरिकन आणि एक डच विनाशिका त्याला ओढत उत्तर किनाऱ्यावरील सिंगराजा बंदराकडे नेऊ लागल्या; परंतु जहाजात पाणी इतके भरले, की निदान माल तरी वाचावा म्हणून ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवण्यात आले. त्यानंतर एकवीस वर्षे ते तेथेच गंजत राहिले. १९६३ मध्ये आगुंगच्या उतारावरील बेसाकी या बालीच्या सर्वोच्च मंदिरात, शतकातून एकदा व्हावयाचा एकादशरुद्राचा विधी चालू असतानाच ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्यात हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि उद्रेकासोबतच्या हादऱ्यांनी किनाऱ्यावरचे जहाज घसरून समुद्रात गेले. आज ज्या दृश्यासाठी जगभरातून लोक येतात, त्याचे मूळ या आपत्तीत आहे, हे तेथे उतरणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

तुलांबेनच्या किनाऱ्यावर वाळू कमी आणि लाटांनी घासून गुळगुळीत केलेले काळे धोंडे अधिक आहेत. त्यांवरून गावातील स्त्रिया डोक्यावर चुंबळ ठेवून पाणबुड्यांच्या जड टाक्या सहज तोल सांभाळत नेतात, आणि रिकाम्या हाताने चालणारा पर्यटक मात्र पावलोपावली अडखळतो. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर पायांत फिन्स, म्हणजे पोहण्याचे रबरी पंख, चढवून लाटेपलीकडे झटपट निघून जावे लागते.

स्नॉर्केलरला प्रथम खाली उतरत जाणारा काळा उतार दिसतो आणि मग निळसर धूसरतेतून जहाजाची एक कड वर येते. या उंचीवर प्रकाश भरपूर असल्याने वरच्या पत्र्यांवर प्रवाळांची वाढ सर्वांत दाट आहे. प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना सूर्यप्रकाश लागतो, हे त्याचे कारण होय. पाणबुड्या खाली जाऊ लागतो तसा दर दहा मीटरांमागे एका वातावरणाइतका दाब वाढतो, नाक दाबून हलका जोर देत कानांतील दाब पुनःपुन्हा समतोल करावा लागतो, आणि पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेत असल्यामुळे रंग विझत जातात. तेथे विजेरी लावली, की करड्या वाटणाऱ्या लोखंडावर एकाएकी शेंदरी व जांभळे स्पंज आणि पंख्याच्या आकाराची मृदू प्रवाळे उजळून निघतात. बाजूचे पत्रे गळून पडल्याने जहाजाचे अंतरंग अनेक ठिकाणी खुले झाले आहे. उघड्या फासळ्यांमधून प्रकाशाचे पट्टे माल भरण्याच्या खणांत उतरतात, तर मागच्या टोकाची तोफ प्रवाळांनी इतकी वेढली आहे, की वाटाड्याने बोट दाखवल्याखेरीज ती ओळखू येत नाही.

पहाटेचा समय येथे विशेष मोलाचा आहे. कपाळावर मोठे टेंगूळ असलेले, एक मीटरहून लांब वाढणारे पोपटमासे रात्री जहाजाच्या आश्रयाला झोपतात आणि उजाडताच कळपाने चरायला बाहेर पडतात. चोचीसारख्या दातांनी प्रवाळ फोडून खाणे आणि त्याचा चुरा वाळूच्या रूपाने बाहेर टाकणे हा त्यांचा जीवनक्रम असून, एक प्रौढ मासा वर्षाला पाच टनांहून अधिक प्रवाळखडक दळतो असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जहाजावर वर्षानुवर्षे चढलेले थर आणि ते कुरतडणारे हे प्राणी यांचा हा व्यवहार समोर चाललेला पाहणे, हे तोफ शोधण्यापेक्षा कितीतरी मोठे फळ होय.

मात्र जो उथळपणा हे सर्व सुलभ करतो, तोच जहाजाला गर्दीच्या हवाली करतो. दिवस चढल्यावर दक्षिण बालीतून येणाऱ्या गाड्यांनी किनारा भरतो, आणि तोल न साधणाऱ्या नवशिक्यांच्या फिन्सचे फटकारे व आधारासाठी पुढे झालेले हात प्रवाळाची संथ वाढ क्षणात मोडतात. महाराष्ट्रातही, २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका सिंधुदुर्गातील निवतीजवळच्या समुद्रात बुडवून पाण्याखालील पर्यटनस्थळ निर्माण करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. त्यामुळे हा प्रश्न मराठी पर्यटकालाही परका नाही. तुलांबेनला जाऊ इच्छिणाऱ्याने मालवण-तारकर्लीच्या पाण्यात आधी पाण्याखाली स्थिर तरंगण्याचा पुरेसा सराव करावा, बालीच्या कोरड्या ऋतूत, म्हणजे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळात, जावे, आदल्या रात्री गावातच मुक्काम करून सूर्योदयाला पाण्यात शिरावे, आणि जहाजाच्या कोणत्याही भागाला हात लावू नये.