घरात संशोधक घडत असताना

आमच्या जठारपेठेत मुलगी डॉक्टर होणार म्हटले की पुढचा मार्ग सर्वांना ठाऊक असतो. संशोधक होणार म्हटले की मात्र शेजारच्या मावशी आपुलकीनेच विचारतात, “पोरगी अजून शिकूनच राह्यली का?” माझी मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि मेंदूच्या प्रतिमांवर संशोधन करण्याचे तिने ठरवले, तेव्हा हा प्रश्न वर्षभर आमच्या दारी येत राहिला. त्या वर्षात जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवते.

मेंदूविज्ञान हे केवळ डॉक्टरांचे क्षेत्र नव्हे. एमआरआयच्या शोधासाठी २००३ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळालेल्या दोघांपैकी पॉल लॉटरबर रसायनशास्त्रज्ञ होते, तर पीटर मॅन्सफिल्ड भौतिकशास्त्रज्ञ. गणित, संगणक, अभियांत्रिकी वा मानसशास्त्र शिकलेल्यांनाही येथे वाव आहे.

शिवाय संशोधन म्हणजे घरखर्चावरचा भार नव्हे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास, २०२३ च्या सुधारित दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. पीएच.डी.नंतरच्या संशोधन सहयोगी पदाचे मानधन ५८,००० रुपयांपासून सुरू होते.

मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूची निम्हान्स, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था अशा ठिकाणच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. परंतु पोस्टडॉकसाठी सर्वांना मिळून एकच अशी परीक्षा नसते. तेथे थेट प्राध्यापकांना पत्र लिहावे लागते. त्यांचा शोधनिबंध वाचून, त्यातील एखादा नेमका प्रश्न धरून, स्वतःला काय येते हे अर्ध्या पानात मांडावे.

अशा कित्येक पत्रांना उत्तरच येत नाही. प्रयोगशाळेचे अनुदान संपलेले असते, जागा भरलेली असते. तो उमेदवाराच्या योग्यतेचा निवाडा नसतो. पण विशी-पंचविशीतल्या मनाला तो तसाच वाटतो. झोप उडते, जेवण टळते, मैत्रिणींचे फोन उचलले जात नाहीत. येथे कुटुंबाचे काम सुरू होते.

रोज “उत्तर आले का?” असे विचारू नये. आम्ही ती चौकशी रविवारपुरती ठेवली. अर्ज लिहिण्याचे तास ठरलेले असावेत, रात्रीचे जेवण एकत्र व्हावे, संध्याकाळी पायी फिरणे चुकू नये. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर विनासंकोच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

बालपणीच्या ताणाचा मेंदूवर होणारा परिणाम अभ्यासणाऱ्या विदिता वैद्य मुंबईत शिकल्या. पुढे अमेरिकेत येल येथे पीएच.डी., त्यानंतर स्वीडन व ऑक्सफर्ड येथे पोस्टडॉक, आणि २००० मध्ये त्या टाटा संस्थेत रुजू झाल्या. एवढी वाट चालायची तर शरीर आणि मन दोन्ही टिकायला हवीत. प्रवेशपरीक्षेची तयारी मुले करतील. ती टिकवण्याची तयारी आपण करावी.