धोबी तलावाची एक फेरी

आमच्या थोरल्या मुलीने बारावीनंतर वर्षभर वस्तीतल्या लहान मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि ६,००० रुपये साठवले. तिला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. आम्ही बोनसमधले ९,००० घातले. आमच्यासारख्यांच्या घरात ही रक्कम लहान नाही. महिनाभराने वस्तू माळ्यावर धूळ खात पडली तर? ही धास्ती मनात घेऊनच आम्ही तिघे एका शनिवारी कल्याणहून लोकलने निघालो.

सी.एस.एम.टी.ला उतरून आझाद मैदानाच्या कडेने चालत गेलो. कामा हॉस्पिटल आणि झेवियर्स कॉलेज मागे पडले की मेट्रो सिनेमाचा चौक लागतो. हाच धोबी तलाव. तलाव केव्हाच बुजवला, नाव तेवढे राहिले. समोर जेर महाल ही जुनी इमारत. तिच्यात गोव्यातल्या गावांचे 'कूड' आहेत. नोकरीसाठी, बोटीवर जाण्यासाठी मुंबईत आलेल्या गावकऱ्यांची ही स्वस्तातली राहण्याची सोय. गोव्याचे कितीतरी वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवत. अशा भागात वाद्यांची दुकाने असावीत यात नवल ते काय!

पहिल्या दुकानात आमच्यापुढे चकचकीत लाल गिटार आणि पेटीएवढा ॲम्प्लिफायर मांडला गेला. आवाज असा की काचा थरथरल्या. मुलगी रंगावर भाळली, आम्ही आवाजावर. पैसे काढणार तोच ती हळूच म्हणाली, "आई, तार दाबताना बोट फार दुखते गं." आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानात एक वयस्कर विक्रेते होते. ते म्हणाले, "वायर राहू द्या बाजूला. आधी कोरडीच वाजव, बाळा." त्यांनी गिटार उभी धरली आणि एक डोळा मिटून मान सरळ आहे का ते पाहायला शिकवले. तारांची उंची पान्याने कमी-जास्त करता येते, पण पिळलेली मान सहजी सुधारत नाही. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून पाहिली. कुठे खरखर येते का, फ्रेटची टोके हाताला टोचतात का, खुंट्या सैल आहेत का, सारे तपासले. नवशिक्याने बारीक तारा घ्याव्यात, बोटांना सोपे जाते, असेही त्यांनी सांगितले.

नंतर वायर जोडली. गिटारच्या पोटात लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात किंचित वीज निर्माण होते, तीच ॲम्प्लिफायर मोठी करतो. एका वेटोळ्याचा पिकअप घरातल्या विजेची गुणगुण पकडतो, दोन वेटोळ्यांचा ती बरीचशी मारतो. आम्ही दोन वेटोळ्यांचा घेतला.

ॲम्प्लिफायर त्यांनी १० वॅटचा दाखवला. आम्ही साशंक झालो. ते हसले, "चाळीत राहता ना साहेब? मग दहाही जास्त होतील. हेडफोनची जागा आहे का तेवढे बघा." आणि बजावून सांगितले, "गिटारच्या तारा वायरीतून ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. वाजवणाऱ्याचा हात सतत तारांवर. घरात अर्थिंग नसेल तर झटका बसू शकतो. जाड पिन तोडून कधी चालवू नका."

गिटार, ॲम्प्लिफायर, वायर, पट्टा, सूर जुळवायचे यंत्र आणि तारांचा एक जादा संच घेऊनही थोडे पैसे उरले. जेर महालातच १९०४ पासूनचे कयानी हे इराणी हॉटेल आहे. तिथे ब्रून मस्का आणि चहा घेऊन आम्ही परतलो.

घरी आल्यावर आधी वायरमनला बोलावले. त्याने बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकामागे वायरच जोडलेली नव्हती! इतकी वर्षे त्याच बोर्डावर आम्ही इस्त्री चालवत होतो. ते काम पुरे होईपर्यंत मुलीला गिटार कोरडीच वाजवायला लावली.

आता रात्री ती हेडफोन लावून बसते. खोलीत तारांची नुसती टिकटिक ऐकू येते. शेजारच्या दहावीतल्या मुलाचा अभ्यास मोडत नाही. तिची बोटांची टोके आठवडाभर दुखली, पण गिटार अजून माळ्यावर गेलेली नाही. तुमच्या मुलांनी असा हट्ट धरला तर जरूर पुरवा. मात्र रंग आणि आवाज शेवटी पाहा, हात आणि अर्थिंग आधी.