काशीचे दुखणे

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मांजर असेल. दिवसभराची नोकरी, शेती किंवा संसार आटोपून, घरात निजानीज झाल्यावर तुम्ही अभ्यासाला बसता, तेव्हा नेमके उघडलेल्या पानावर येऊन पसरणारा हा प्राणी तुम्हाला अपरिचित नाही. मराठी भाषेने मात्र त्याच्याकडे फारशा आदराने पाहिलेले नाही. ते डोळे मिटून दूध पिते, आडवे जाऊन कामे बिघडवते, आणि त्याच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची याची चिंता उंदरांना लागून राहते. व्याकरणाने तर त्याला नपुंसकलिंगात टाकून दिले. नर असेल तर बोका, मादी असेल तर भाटी, असे आपण शाळेत पाठ केले. पण ‘आमची भाटी आजारी आहे’ असे म्हणणारे माणूस मला अद्याप भेटलेले नाही. संस्कृताने मात्र या प्राण्याला नीट निरखले होते. ‘मार्जार’ हा शब्द ‘मृज्’ म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे या धातूपासून आला आहे. स्वतःला सतत चाटूनपुसून लख्ख ठेवतो तो मार्जार. या व्युत्पत्तीचा अर्थ मला शब्दकोशात नव्हे, तर आमच्या काशीच्या पाठीवर कळला. एरवी रेशमासारखे असणारे तिचे केस कमरेपाशी राठ दिसू लागले, त्यांच्या लहान लहान गुठळ्या होऊ लागल्या. मार्जाराने मार्जन टाकले होते.

काशी तेव्हा चौदा वर्षांची होती. वाईच्या आमच्या जुन्या घरात तिच्याखेरीज आणखी तीन मांजरे: नसबंदी झालेला भिकू नावाचा धिप्पाड बोका, ठकी, आणि ठकीची मुलगी पिंगी. एकच मांजर पाळणाऱ्याला जी अडचण कधी कळत नाही, ती येथे आमच्यापुढे उभी राहिली. पाण्याचे भांडे नेहमीपेक्षा लवकर रिकामे होत होते आणि रेतीच्या ट्रेमध्ये ओल्या रेतीचे गोळे मोठे होत चालले होते; पण पाणी कोण पिते आणि रेती कोण भिजवते, हे कसे ओळखावे? एकट्या माणसाच्या घरात दुधाचा पेला कोणी संपवला हे विचारावे लागत नाही. एकत्र कुटुंबात ते विचारावे लागते, आणि उत्तर मिळत नाही. चार मांजरांच्या घरात लक्षण तर दिसते, पण ते बेवारशी असते. त्यातून मांजराची जात दुखणे लपवणारी. रानात जो प्राणी शिकार करतो आणि स्वतःही दुसऱ्या कोणाची शिकार होऊ शकतो, त्याला अशक्त दिसणे परवडत नाही. माणसाच्या घरात हजारो वर्षे काढूनही ही सवय त्याच्यातून गेलेली नाही.

आम्ही मग एक सोपी युक्ती केली. माजघरालगतच्या खोलीत एकेका मांजराला एकेक दिवस ठेवायचे, मोजून पाणी द्यायचे आणि दुसऱ्या सकाळी उरलेले मोजायचे. चौथ्या दिवशी उत्तर मिळाले. काशी एका दिवसात सव्वादोनशे मिलीलिटर पाणी प्यायली होती. इतर तिघांच्या मोजमापाची बेरीजही तेवढी भरत नव्हती. तान्ह्या मुलांच्या वजनकाट्यावर ती तीन किलो दोनशे ग्रॅम भरली. आदल्या दिवाळीत ती तीन किलो नऊशे होती. माणसाच्या वजनातून सातशे ग्रॅम कमी झाले तर कोणी विचारत नाही; काशीच्या बाबतीत तो जवळजवळ पाचवा हिस्सा होता.

रक्त तपासले. क्रिएटिनिन ३.६ आले. मांजरांच्या मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराच्या चार पायऱ्या मानतात. त्यांत ही तिसरी. डॉक्टर तरुण होत्या, त्यांच्या दाराशी एक शेळी आणि दोन कुत्रे आपल्या पाळीची वाट पाहत होते, तरीही त्यांनी आम्हाला कागदावर मूत्रपिंड काढून सगळे समजावले. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले. थोड्या पाण्यावर राहून लघवी अतिशय घट्ट करण्याची शक्ती त्यांच्या मूत्रपिंडात असते. मूत्रपिंड थकले की प्रथम हीच शक्ती जाते. लघवी पातळ व पुष्कळ होते आणि गेलेले पाणी भरून काढण्यासाठी जनावर पीत सुटते. तहान ही दुखण्याची खूण होती आणि काशीने स्वतःवर चालवलेला उपचारही. रक्तातला आकडा वाढेपर्यंत मूत्रपिंडाचे सुमारे तीन चतुर्थांश काम बंद पडलेले असते. ते परत येत नाही. उरलेले जपायचे, एवढेच हाती असते.

येथे थोडे विषयांतर करून एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. अंग तापले म्हणून मांजराला आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी कदापि देऊ नका. माणसाचे यकृत ज्या वाटेने ते औषध निकामी करते, ती वाट मांजराच्या शरीरात जवळजवळ नाहीच; अर्धी गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

काशीला टोपलीतून घरी आणले आणि झाकण उघडले, तो ठकी तिच्यावर फिस्कारली. दहा वर्षे जिच्या पोटाशी झोपली, तिच्यावर! पिंगीने शेपूट फुगवली. भिकू माळ्यावर जाऊन बसला. आपल्याला ही कृतघ्नता वाटते, पण तिचे कारण अगदी साधे आहे. मांजरे एकमेकांना चेहऱ्यापेक्षा वासाने ओळखतात. गेली होती ती काशी. आली होती ती स्पिरिटचा, कुत्र्यांचा, परक्या हातांचा वास येणारी कोणी भलतीच मांजरी. काशीला दोन दिवस निराळ्या खोलीत ठेवून तिच्याखालची गोधडी आम्ही ठकीच्या जागी घातली आणि ठकीची तिच्या खाली. तिसऱ्या दिवशी ठकीने तिचा कान चाटला आणि तो प्रश्न मिटला. हे दुखणे एकाचे दुसऱ्याला होणारे नव्हते, हे आमचे भाग्य. पिलांना झपाट्याने मारणारा मांजरांचा पार्व्होसारखा संसर्ग असता, तर त्याचे विषाणू घरात वर्षभरही तग धरू शकतात; मग गोधड्यांची अदलाबदल करण्याऐवजी त्या जाळाव्या लागल्या असत्या.

खरी कसोटी जेवणाची होती. काशीला फॉस्फरस कमी असलेले खास खाद्य द्यायचे होते. ते महाग होते आणि तिला मुळीच आवडत नव्हते. बाकीच्या तिघांना मात्र ते अमृतासारखे वाटे. उलट त्यांच्या ताटलीतली सुकट पाहून काशी जुन्या हक्काने पुढे सरसावे. आजाऱ्याने पथ्य मोडायचे आणि निरोग्यांनी पथ्य पाळायचे, असा हा उफराटा संसार! शेवटी चार कोपऱ्यांत चार ताटल्या मांडून दोन्ही वेळा वीस-वीस मिनिटे पंगतीवर पहारा करावा लागला. आणि ‘भूक लागेल तेव्हा खाईल’ हा मुलांच्या बाबतीत चालणारा कडकपणा येथे चालत नाही. मांजर काही दिवस उपाशी राहिले की अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि एका दुखण्याची दोन होतात. म्हणून ज्या दिवशी खास खाद्याला काशीने तोंड फिरवले, त्या दिवशी तिला सुकट दिली. पथ्य न पाळता जेवलेले मांजर हे पथ्य पाळून उपाशी राहिलेल्यापेक्षा बरे, असे डॉक्टरांचेच म्हणणे होते.

एक दिवसाआड सलाइन द्यायचे. शिरेतून नव्हे, कातडीखाली. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊबदार करायची, खुंटीला टांगायची, मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलून तिच्या तंबूत सुई घालायची. शंभर मिलीलिटर जायला सहा-सात मिनिटे लागत. पाठीवर उंटासारखे मदार येई, हळूहळू एका खांद्यावर ओघळे आणि रात्रीपर्यंत जिरून जाई. पहिल्या दिवशी माझे हात कापत होते. महिन्याभरात ते काम कुकर लावण्याइतके अंगवळणी पडले. पिंगी नळीशी खेळायला बघे. भिकू दारात बसून सगळे पाही आणि सुई निघाली की उठून जाई.

आणखी एक जण हे सारे पाहत असे. माझ्या सासूबाई. त्या तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या, त्यांचा पलंग त्याच खोलीत होता. सुरुवातीला त्यांनी ‘मांजराला मेलं सलाइन!’ म्हणून नाक मुरडले. पुढे त्याच मला वेळेची आठवण करून देऊ लागल्या. एका संध्याकाळी काशी माझ्या हातातून निसटली, पलंगाखाली गेली, आणि मी तिला ओढून काढत असताना त्या म्हणाल्या, ‘‘तिला विचारलंस का ग?’’

‘‘काय विचारायचं, आई?’’

‘‘हे हवंय का, ते.’’

मी हसून वेळ मारून नेली. पण त्या हसल्या नव्हत्या. थोड्या वेळाने त्यांनी लहानपणी वडिलांच्या प्रवचनात ऐकलेला एक दृष्टान्त सांगितला. रामानुजांच्या परंपरेतल्या दोन मतांची ओळख करून देताना तो नेहमी सांगतात, आणि अभ्यासक्रमात तुम्हालाही तो कधी भेटेल. माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते. भक्तानेही तसा प्रयत्न करावा, हा मर्कटकिशोरन्याय. मांजराचे पिल्लू काहीच करत नाही. आई त्याला मानेला धरून उचलते आणि नेईल तिकडे ते जाते. हा मार्जारकिशोरन्याय, संपूर्ण शरणागतीचा. दृष्टान्त संपवून त्या म्हणाल्या, ‘‘तू तिला मानेला धरलंयस, ते दिसतंय मला. पण नेतेयस कुठे, ते तुला ठाऊक आहे का?’’

मला ठाऊक नव्हते. तोवर मी आकड्यांकडे पाहत होते: क्रिएटिनिन किती, वजन किती, पोटात किती गेले. त्या संध्याकाळनंतर आम्ही दोघींनी मिळून एक वही घातली. खुणा सासूबाईंनी ठरवल्या, कारण दिवसभर काशीजवळ त्याच असत. काशी आपल्या पायांनी उन्हाच्या पायरीवर येते का? आपल्या तोंडाने खाते का? पंजा चाटते का? तीनपैकी दोन गोष्टी लागोपाठ तीन दिवस झाल्या नाहीत, तर सुई बंद करायची आणि डॉक्टरांना घरी बोलवायचे. यजमानांना हा सौदा निष्ठुर वाटला. मला तसे वाटले नाही, आजही वाटत नाही. आशा ज्या दिवशी अंगात असते, त्या दिवशीच तिची हद्द ठरवावी. थकलेल्या मनाला ती ठरवता येत नाही.

त्यानंतर काशी अकरा महिने जगली. ते महिने वाईट नव्हते, हे वहीत दिसते. पावसाळ्यात एकदा तिने ओल्या अंगणातून एक टोळ पकडून आणला आणि सासूबाईंच्या पलंगावर ठेवला. त्या दिवसाच्या पानावर त्यांनी माझ्याकडून तीनही खुणांपुढे ‘होय’ लिहवून घेतले आणि खाली ‘शिकार’ असा चौथा शब्द. माघात मात्र पानांवर ‘नाही’ वाढू लागले. तोंडाला उग्र वास येऊ लागला, मळमळीच्या औषधाचा उपयोग होईना. ती पाण्याच्या भांड्यापाशी जाई आणि न पिता नुसतीच त्यावर मान धरून बसे. ठकी तिला चाटत असे; स्वतःचे मार्जन जिला होत नव्हते, तिचे ते दुसरी करत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी वही मी उघडली नाही. सासूबाईच म्हणाल्या, ‘‘आज तिसरा.’’

डॉक्टर दुपारी आल्या. आधी गुंगीचे, मग भूल अतिमात्रेत देणारे, अशी दोन इंजेक्शने. सासूबाईंनी तिला आपल्या मांडीवर घेतले होते, त्यामुळे मला काही धरावे लागले नाही. नंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही तिला तासभर गोधडीवर तशीच ठेवली. ठकी येऊन हुंगून गेली. पिंगी आलीच नाही. भिकू बराच वेळ दारात बसला आणि या खेपेस कोणी उठण्याआधी उठला नाही. परसात पारिजातकाखाली तिला पुरले. ठकी पुढे आठ-दहा दिवस रात्री घरभर ओरडत फिरे. तिला दुःख झाले असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण ती कोणाला तरी शोधत होती.

वही त्यानंतर बंद झाली नाही. महिन्याभराने सासूबाईंनी ती मागून घेतली, उलट बाजूने उघडली आणि म्हणाल्या, ‘‘आता माझं लिही.’’ मी घाबरले. त्या मात्र भाजीची यादी सांगावी तशा सांगत गेल्या. आपल्याला कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आहे. त्यासाठी साक्षीदार लागतात, रीतसर कागद करावा लागतो. तो आम्ही पुढे केला. पण त्याचा कच्चा मसुदा या वहीत आहे, काशीच्या टोळाच्या पाठीला पाठ लावून. त्यांनी स्वतःसाठी कोणत्या तीन खुणा सांगितल्या, ते येथे लिहिण्याची मला परवानगी नाही.

पुढच्या बाजूला दर रविवारी तीन वजने लिहिली जातात. मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे अधिक ठेवावा, असे सांगतात. त्याप्रमाणे आता चार ट्रे आहेत, आणि प्रत्येकातली रेती मी रोज सकाळी निरखून पाहते. भिकू अकरा वर्षांचा झाला आहे. गेल्या रविवारी तो चार किलो सहाशे भरला. त्याच्या आदल्या रविवारीही तेवढाच.