खोताच्या वाडीतील दोन वंशावळी

गिरगावात जन्म काढूनही गिरगाव पुरते न पाहिलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांत मीही एक होतो. ज्या चाळीत माझे बालपण गेले, तेथून खोताची वाडी हाकेच्या अंतरावर. तरीही त्या वाडीत मी निवांतपणे गेलो तो परवाच्या नाताळानंतरच्या एका रविवारी, आणि तोही स्थलदर्शनासाठी नव्हे, तर पूर्वजांच्या शोधापायी. ब्राह्मणाने आपल्या पूर्वजांचे कोडे घेऊन ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी जावे, याचे वाचकांना नवल वाटेल. म्हणून सारी हकीकत क्रमाने सांगतो.

आमच्या घरी एक कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आमचे मूळपुरुष चिमाजी अप्पांच्या फौजेत होते आणि 1739 साली वसईच्या तटावर भगवा लावताना पडले, अशी ती कथा. श्राद्धाची पंगत उठली, की आजोबा ती सांगत आणि आम्ही मुले श्वास रोखून ऐकत असू. नोकरीतून मोकळा झाल्यावर या कथेत खरे किती, हे पाहण्याचा ध्यास मी घेतला. मोडी शिकलो आणि पुण्यास पेशवे दफ्तराच्या वाऱ्या सुरू केल्या.

1891 साली बांधलेल्या त्या दगडी इमारतीत रुमालांत बांधलेले मोडी कागद कोट्यवधींच्या संख्येने आहेत. तेथे नवख्याला पहिली ठेच लागते ती कालगणनेची. लष्करी हिशेबांतील सन सुहूर असतो आणि तोही अरबी शब्दांत लिहिलेला. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे 1139. त्यात 599 किंवा 600 मिळविले, की इसवी सन येतो. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते. त्यामुळे 1739 च्या मे महिन्यात वसई पडली ती या वर्षाच्या अगदी शेवटी. मृग लागताच पुढचे साल. हे ध्यानी न आल्याने पहिले सहा महिने मी भलत्याच सालाचे कागद चाळीत बसलो होतो!

अखेर नाव सापडले. त्यापुढे गाव होते, घोडा ‘कुमाईत’ असल्याचे लिहिले होते, घोड्याची किंमतही होती. शिलेदाराचा घोडा पडला तर भरपाई देण्याचा प्रश्न येई, म्हणून त्याचा रंग नि मोल आधीच टिपून ठेवीत. पुढे शेरा होता, ‘वसईचे मुक्कामी कामास आला’. आणि पुढील सालच्या हिशेबात बालपरवेशीची नोंद. लढाईत पडलेल्याच्या पोरक्या कुटुंबास सरकारातून जी नेमणूक मिळे, तिला बालपरवेशी म्हणत. ती कोणास, तर ‘बायको व मूल एक’ यांस.

भगव्याचा उल्लेख कोठेच नव्हता; तरी माझे डोळे भरून आले. घरी येऊन मी ती नक्कल मोठ्या अभिमानाने सौभाग्यवतींस वाचून दाखविली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, “घोड्याचा रंगसुद्धा लिहिला आहे. मग त्या बाईचे नाव का नाही?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या वंशावळीतही सारी पुरुषांचीच नावे. ज्या एका मुलापासून आमचा एवढा विस्तार झाला, त्याला वाढविणारी बाई कोण, हे आम्हां कोणासच ठाऊक नव्हते.

अशा मनःस्थितीत वडिलांच्या एका जुन्या स्नेह्यांची आठवण झाली. ते वाडीतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती, मूळ वसईकडचे. त्यांनीही आपल्या घराण्याचा माग काढला आहे, असे कानांवर होते. सौभाग्यवतींसह त्यांच्याकडे गेलो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी येथील जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले, त्यातून ही वाडी उभी राहिली. चिंचोळ्या गल्ल्या, कौलारू दुमजली घरे, बाहेरून चढणारे लाकडी जिने, रस्त्यालगत ओसऱ्या. कोठे क्रूस, तर कोठे दारापुढे तुळस. एके काळी येथे 65 घरे होती. उंच इमारतींच्या हव्यासात त्यांतील निम्म्याहून अधिक गेली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव या समाजाने व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 1887 साली, धारण केले. पण घरची बोली मराठीच.

काकांनी ओसरीवर बसवून नेवऱ्यांची बशी पुढे केली. नेवरी म्हणजे आपल्या करंजीची सख्खी बहीणच! माझी हकीकत ऐकून ते हसले. “म्हणजे तुझ्या पूर्वजाने माझ्या पूर्वजावर नेम धरला असेल!” असे म्हणून त्यांनी आतून एक पुठ्ठ्याची पेटी आणली.

पेटीत चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींच्या नकला होत्या. 1563 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. तो शिरस्ता पोर्तुगिजांबरोबर कोकणात आला. प्रत्येक नकलेत मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, शिवाय धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावे. सौभाग्यवती एकेक कागद हाती घेऊन आयांची नावे मोठ्याने वाचू लागल्या. सहा पिढ्यांत एकही आई निनावी नव्हती.

मी म्हटले, “काका, तुम्ही भाग्यवान.”

ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नावे आहेत रे. पण ही माणसे करीत काय, खात काय, राज्य बदलले तेव्हा त्यांनी काय सोसले, यातले एक अक्षर नाही. तुझ्या कागदात बाईला नाव नाही, पण तिचा नवरा कसा गेला आणि तिला काय मिळाले ते आहे. माझ्या बायांना नुसती नावेच आहेत.”

त्या ओसरीवर मला प्रथमच उमगले, की कागद खोटे बोलत नाहीत, पण विचारल्यापलीकडेही बोलत नाहीत. फडणिसाला पैशाचा हिशेब द्यावयाचा होता, धर्मगुरूला आत्म्यांचा. ज्याने त्याने आपल्या कामापुरते लिहिले. म्हणून शोध घेणाऱ्याने एकाच दफ्तरावर विसंबू नये. ज्यांच्या घरी इनाम होते, त्यांनी 1852 च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे झालेल्या चौकशीचे कागद पाहावेत. हक्क सिद्ध करण्यासाठी तेथे वंशावळी द्याव्या लागत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. सरकारी जन्मनोंदीवर मात्र फार भरवसा ठेवू नये. 1886 च्या कायद्याने ती ऐच्छिक होती, सक्तीची झाली ती 1969 च्या कायद्याने.

आणि आपल्या घरातले दफ्तर? श्राद्धाच्या वेळी आपण आई, आजी, पणजी यांची नावे उच्चारतो. चौथी पिढी आली, की एक नाव मागे गळते आणि कोणी ते लिहून ठेवीत नाही. त्यातून लग्नात नाव बदललेले. म्हणजे माहेरचे नाव तर त्याआधीच गेलेले. एवढा शिकलेला आपला समाज, पण ही गळती आपण शतकानुशतके चालू दिली.

निघताना काकांनी सौभाग्यवतींना पेटीतला एक कोरा पुठ्ठा दिला. “वही बांधा,” म्हणाले.

अक्षय्य तृतीयेस आम्ही ती वही सुरू केली. घरात आलेल्या प्रत्येक सुनेचे सासरचे आणि माहेरचे नाव, तिचे गाव, तिला काय येत होते, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून सौभाग्यवती लिहीत आहेत. पाच पिढ्या झाल्या. पहिल्या पानावर मूळपुरुषाचे नाव आहे. शेजारी घोड्याचा रंगही मी लिहिला. त्याखालच्या ओळीत ‘बायको’ असे लिहू लागलो, तेव्हा सौभाग्यवतींनी माझा हात धरला. ती जागा आम्ही कोरी ठेवली आहे.