अत्तेंना वाचून दाखवताना

आमच्या घरी सिनेमा संपला की चहा होतो आणि चहाबरोबर मतं. माझं माहेर मराठी, सासर कन्नड, दोन्ही बेळगावातच. त्यामुळे वादही दोन भाषांत. शेवटचा निकाल मात्र सासूबाईंचा, म्हणजे आमच्या अत्तेंचा. त्या मूळच्या धारवाडच्या, वय ८१. आवडलं तर ‘छलो अद’, नाही आवडलं तर नुसतं ‘हूं’.

‘कांतारा’ (२०२२) टीव्हीवर पाहिला. कुंदापूरकडची बोली अत्तेंना अर्धीच कळली, पण शेवटी दैव अंगात आलं तेव्हा त्या खुर्चीत ताठ बसल्या. निकाल ‘छलो अद’. नायकाचं लीलाशी वागणं मला खटकलं, ते मी बोलून दाखवलं. ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) मधल्या सहा बहिणी पाहून तर त्या पोट धरून हसल्या.

‘सैराट’ (२०१६) त्यांना आवडला होता. पुढच्याच वर्षी तो कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ म्हणून आला. नायिका तीच रिंकू राजगुरू, चाली अजय-अतुल यांच्याच, तरी निकाल ‘हूं’. मलाही वाटलं, संवाद कन्नडमध्ये आले, करमाळ्याची माती काही आली नाही. एका भाषेतलं दुसरीत नेलं की जीव जातो, असं माझं मत तेव्हा पक्कं झालं.

गाण्यात मात्र आमचं भांडण नाही. भीमसेन जोशी गदगकडचे. त्यांचे अभंग मी लावते, दासांची पदं अत्ते लावायला सांगतात. हे आपले की ते तुमचे, हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात कधी आला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये एस. एल. भैरप्पा गेले. अत्तेंनी कपाटातून त्यांचं ‘पर्व’ काढायला लावलं. दोन वर्षांपासून त्यांना टीव्ही दिसतो, पण बारीक अक्षर दिसत नाही. पुस्तक माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, ‘वाच.’

मी गप्प. लग्नाला २६ वर्षं झाली. कन्नडमधून मी भाजी घेते, भांडते, अंगाईसुद्धा म्हटली आहे. पण शिक्षण मराठी शाळेत झालं. बसवरची पाटी जेमतेम जुळवते, पुस्तक वाचता येत नाही. मुलगी सरसर वाचते, पण ती नोकरीला पुण्यात. अत्ते काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुस्तक परत मागून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी माझं मराठी ‘पर्व’ काढलं, उमा कुलकर्णींनी अनुवाद केलेलं. भीत भीत कुंतीच्या आठवणी वाचायला घेतल्या. अत्ते डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच ‘हांगल्ल’ म्हणून मूळ वाक्य कन्नडमध्ये सांगायच्या. एका जागी बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, ‘हे बरोबर आलंय.’

माझं पक्कं मत तिथंच मोडलं. उमाताई मूळच्या आपल्या बेळगावच्या. पती विरुपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवायचे, त्या ऐकून मराठीत लिहायच्या. दोघांच्या संसारातून ही पुस्तकं आपल्याकडे आली. आमच्याकडे उलटं चाललंय. मी मराठी वाचते आणि अत्ते मनातल्या मनात कन्नड ऐकतात.

तरी मांडीवरचं ते बंद पुस्तक डोळ्यांपुढून हलेना. मुलीचं पहिलीचं कन्नड पुस्तक माळ्यावरून काढलं आणि रात्री अक्षरं गिरवायला बसले. परवा कन्नड ‘पर्व’चं पहिलं पान अत्तेंना वाचून दाखवलं. अर्धा तास लागला. मान वर केली तर त्यांना डोळा लागला होता.

जाग आल्यावर मी विचारलं, ‘कसं झालं?’

‘हूं,’ म्हणाल्या. आणि मग, ‘नाळे?’ म्हणजे, उद्या?