एमूच्या गावी, एका बाटलीसाठी

परदेशी लेकीकडे निघालेल्या आईच्या हातात मागण्यांची यादी असतेच, हे मी तुम्हां मैत्रिणींना काय सांगावे! माझी धाकटी जाऊ मात्र काहीच मागत नव्हती. आदल्या रात्री बॅगा बांधून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "वहिनी, लेकीच्या गावाजवळ एमू पाळतात म्हणे. तिथलं तेल एकदा बघून या. आणू नका हं, नुसतं बघा. आपलंच खोटं होतं, की सगळंच खोटं?"

तिच्या या प्रश्नामागची हकीकत सांगायलाच हवी. २०१० साली आमच्या भाऊजींनी सोलापूरजवळच्या शेतावर एमू पाळले. एका कंपनीने पिल्लांच्या जोड्या दिल्या. खाद्य आम्ही देऊ, दरमहा पैसे देऊ आणि पक्षी मोठे झाले की आम्हीच विकत घेऊ, असा करार. जावेच्या पाटल्या त्यात गेल्या. २०१२ मध्ये तिकडे तामिळनाडूत अशा योजना कोसळल्या, आणि आमच्या कंपनीची माणसेही फोन उचलेनाशी झाली. माणसाएवढाले पक्षी, रोज पोतेभर खाणार, आणि घेणारा कुणी नाही! कंपनीने सुरुवातीला कौतुकाने एक तेलाची बाटली दिली होती. सांधेदुखीपासून टकलापर्यंत सगळ्यावर म्हणे अक्सीर. महिन्याभरात ती खवट झाली. ती बाटली जावेने अजून कपाटात ठेवली होती. "फेकत का नाहीस गं?" असे विचारले तर म्हणायची, "माझ्या पाटल्यांची पावती आहे ती, वहिनी."

तर अशी मी २०२३ च्या जुलैमध्ये पर्थला पोचले. आपल्याकडे धो धो पाऊस, आणि तिथे ऐन थंडी! रात्रभर खोलीत हीटर चालू. आठवड्याभरात माझ्या टाचांना अशा भेगा पडल्या की चादरीचा दोरा अडकावा. जावयांनी भाजी आणताना सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले, तर पन्नास सेंटच्या बारा कोनी नाण्यावर एका बाजूला कांगारू आणि दुसऱ्या बाजूला, ओळखलेत ना, आमचा एमू! ज्याला राजचिन्हात बसवले त्याच पक्ष्यावर याच राज्यात १९३२ साली मशीनगन घेऊन सैनिक धाडले होते, गव्हाची नासाडी करतो म्हणून. आणि पक्षी काही हरले नाहीत! आमच्या भाऊजींना हे आधी कुणी सांगितले असते तर बरे झाले असते.

रविवारी लेक मला टूडयेच्या बाजूला घेऊन गेली. पर्थपासून ईशान्येला साधारण ८५ किलोमीटर. डोंगर ओलांडला की एव्हन नदीचे खोरे लागते, आणि मग जिकडेतिकडे हिरवा गहू. मला तर आपल्या बार्शीकडची रब्बीची ज्वारी आठवली. गावाबाहेर एका शेतावर एमू होते. शेताची मालकीण माझ्याच वयाची, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, हात मात्र लोण्यासारखे मऊ. मी आधी हातच पाहिले, खोटे का बोलू!

कुंपणाच्या कोपऱ्यात एक एमू गवतावर फतकल मारून बसला होता. तो नर! मादी अंडी घालून मोकळी होते आणि नर आठ आठवडे ती उबवतो. अंडी अळूच्या पानासारखी गडद हिरवी. या दिवसांत तो खाणेपिणे जवळपास सोडतो, वजन एक तृतीयांशाने उतरते. मग जगतो कशावर? तर आधीच अंगावर साठवलेल्या चरबीवर. आणि मैत्रिणींनो, एमूचे तेल म्हणतात ते याच चरबीचे. बापाची शिदोरीच म्हणा ना! हे ऐकून मला जरा कसेसेच झाले. तेल काढायचे म्हणजे पक्षी मारावा लागतो, हे शाकाहारी घरांतल्या भगिनींनी आधीच समजून असावे. बाटलीवर ते कुणी मोठ्या अक्षरांत लिहीत नाही. इथले मूळचे नुंगार लोक पिढ्यान्‌पिढ्या एमूची चरबी अंगाला लावत आले. आता रानातल्या एमूला हात लावता येत नाही, परवाना घेऊन पाळलेल्या पक्ष्यांचेच तेल निघते.

तेल कसे करतात ते बाईंनी सांगितले, आणि मला अगदी आपले तूप कढवणे आठवले. चरबी स्वच्छ करायची, मंद आचेवर वितळवायची, गाळायची, मग शुद्ध करायची. आच जास्त झाली की तूप जसे करपट होते, तसेच याचे. कढईशी वर्षे काढलेल्या बाईला यातले डावेउजवे कळायला वेळ लागत नाही. मालकिणीने दोन थेंब माझ्या मनगटावर टाकले. रंग दुधावरच्या सायीसारखा, वास जवळजवळ नाहीच. चोळले तर मुरले, चिकटपणा राहिला नाही. वास तिखट किंवा खवट आला, किंवा वास झाकायला भरपूर अत्तर ओतलेले असले, तर ती बाटली सरळ परत ठेवायची. गार हवेत तेल रवाळ होऊन तळाशी बसते, त्याला मात्र घाबरू नका. थिजलेल्या तुपासारखेच ते. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा सारखे होते. गॅसवर कधी तापवू नका.

आता लेबलाचे. दुकानात 'एमू' अशी मोठी अक्षरे असलेली क्रीमची डबी उचलली आणि लेकीने मागची यादी वाचून दाखवली. घटक जास्त प्रमाणापासून कमीकडे लिहायची पद्धत असते. त्यात एमूचे तेल पार शेवटी, वासाच्या आधी! म्हणजे कुंकवापुरतेच. खरे घ्यायचे तर शंभर टक्के तेल, कुठल्या शेतावरचे, कधी भरले आणि कधीपर्यंत वापरायचे, हे छापलेले. बाटली गडद काचेची असावी आणि लहानच घ्यावी, उघडल्यावर उन्हात ठेवू नये. औषध म्हणून विकत असतील तर तिथे लेबलावर सरकारी नोंदणीचा 'ऑस्ट एल' क्रमांक असतो. पण त्याचा अर्थ घटक सुरक्षित मानले आहेत एवढाच. रोग बरा होतो असे सरकारने तपासलेले नाही. अमेरिकेच्या औषध खात्यानेही या तेलाला औषध म्हणून मान्यता दिलेली नाही. या तेलात सर्वांत जास्त ओलिक आम्ल असते, जे आपल्या शेंगदाण्याच्या तेलातही आहे. त्वचा मऊ राहते, रखरख कमी होते, इतके खरे. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबावे. इसब असेल, पुरळ असेल, तर आधी डॉक्टर.

निघताना मी धीर करून जावेचा प्रश्न विचारला. लेकीने इंग्रजीत सांगितला. बाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडेही नव्वदच्या दशकात हेच झालं. पैसा तेलातून येत नव्हता, पिल्लं एकमेकांना विकण्यातून येत होता. विकत घेणारे संपले तसा धंदा बसला. पक्षी खोटा नाही, तेलही खोटं नाही. फक्त गिऱ्हाईक थोडं आहे, आणि ते कधीच फार नव्हतं." त्यांच्या दुकानातही गुडघे बरे होतील अशी एकही पाटी नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

मी लहानशी बाटली घेतलीच. टाचांना रोज रात्री लावून वर मोजे घातले, दहाबारा दिवसांत भेगा भरल्या. पण खरे सांगू? घरी असते तर कोकमाच्या तेलानेही भरल्या असत्या, आणि ते कितीतरी स्वस्त.

सोलापूरला आल्यावर उरलेली बाटली जावेपुढे ठेवली आणि बाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तिने झाकण उघडून वास घेतला, पुन्हा घेतला. "वासच नाही की हो याला!" मग उठून कपाटातली जुनी बाटली आणली नि शेजारी ठेवली. तेवढ्यात भाऊजी चहाला आले. दोन्ही बाटल्या बघून थबकले. मी मुद्दाम काही बोलले नाही. त्यांनी नव्या बाटलीतले दोन थेंब हातावर घेतले, सावकाश चोळले आणि म्हणाले, "हे असं असतं होय."

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली तेव्हा जावेने जुनी बाटली स्वतःच्या हाताने टाकली.