पाय पुढे करताना

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की पहिला प्रश्न ठरलेला: "यंदा काय सोडतोयस?" आमच्या ग्रुपवर कुणी चहा सोडतं, कुणी इन्स्टाग्राम, कुणी सावजी. नागपुरात चाळीस दिवस सावजी सोडणं म्हणजे तपश्चर्याच! उपवास म्हटलं की ऑफिसातले मित्र साबुदाण्याची उसळ पुढे करतात. शुक्रवारी आम्हाला फक्त मटण-चिकन नको असतं, पोळी चालते, हे दरवर्षी नव्याने समजवावं लागतं.

पण सोडणं तसं सोपं. काय सोडायचं, किती दिवस, सगळं आपल्याच हातात. वर स्टेटसही टाकता येतं. मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळावर लावतात, आणि त्याच दिवशी चर्चमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. त्यात येशू सांगतो की उपास लोकांना दाखवू नका, तोंड धुऊन नीट राहा.

नम्रता म्हणजे काय, हे मला आमच्या बेसाच्या फ्लॅटमध्ये दिसलं. बाबांना पक्षाघात झाल्यापासून त्यांना आंघोळ घालायला रोज सकाळी एक दादा येतो. जन्मभर कुणाकडून ग्लासभर पाणी न मागितलेला माणूस. दादाने पायाला हात लावला की बाबा पाय मागे घ्यायचे. "राहू दे रे, मी करतो ना." करता येत नव्हतं.

पेत्रही असंच म्हणाला होता. योहानच्या तेराव्या अध्यायात येशू पाय धुवायला वाकतो आणि पेत्र नको म्हणतो. पवित्र गुरुवारी आपण धुणाऱ्याकडेच बघतो. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहात बारा जणांचे पाय धुतले, त्यांत दोघं मुस्लीम होते. तिथेही नजर पोपवरच जाते. पाय पुढे करणाऱ्याला काय वाटलं असेल?

'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक काही काळ आपल्या नागपुरातही राहिल्या. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, तरी त्यांचं सोवळं सुटलं नव्हतं. पुढे स्वतःच विचार करून त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा. दुसऱ्याच्या हातचं घेणं आधी आलं.

झावळ्यांच्या रविवारनंतर एका सकाळी बाबांनी पाय मागे घेतला नाही. दादाने टाचा घासल्या, बोटांमधलं पाणी टिपलं. बाबांनी पहिल्यांदा त्याला गाव विचारलं. मग मला म्हणाले, "चहा दोन कप आण. आणि त्याला खुर्ची दे."

ईस्टरला सावजी परत येईल, इन्स्टाही येईल. बाबांची ती दुसरी खुर्ची मात्र रोज सकाळी लागते.